रंभाबाईंचे चौसष्ट फोटो

मुलचेऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात लटारू बोरकुटे पट्टीबंधक होते. गाईचं शिंग तुटलं तर पट्टी बांधायची, खुरकुतीची साथ आली की गावोगाव फिरून लस टोचायची, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. पण कुणी नव्या माणसानं "भाऊ, काय करता आपण?" असं विचारलं, तर ते दवाखान्याचं नावही काढत नसत. छातीवर लोंबणाऱ्या कातडी पिशवीवर हात ठेवून म्हणत, "फोटोग्राफी."

त्या पिशवीत रशियन कॅमेरा होता. शहाऐंशी साली नागपूरला ट्रेनिंगला गेले तेव्हा त्यांनी तो एका निवृत्त मास्तराकडून घेतला होता. असा वजनदार, की पायावर पडला असता तर फोटोग्राफरालाच पट्टी बांधायची वेळ आली असती. घरात त्याला हात लावायची मुभा कुणाला नव्हती. पोरगी पुनमला नव्हती, आणि बायको रंभाबाईंना तर नव्हतीच. दसऱ्याला त्याची पूजासुद्धा लटारूभाऊ स्वतःच करत, तेही हळदकुंकू भिंगावर पडू नये म्हणून लांबूनच.

एका रोलमध्ये छत्तीस फोटो. लटारूभाऊंचं सगळं तत्त्वज्ञान या छत्तीस आकड्यावर उभं होतं. "बटन दाबाच्या आधी धा खेप इचार कराचा," ते सांगत. दहा वेळा विचार केल्यावर बहुतेकदा ते बटण दाबतच नसत. त्यामुळे एक रोल आठ-दहा महिने सहज पुरे, आणि संपल्याशिवाय तो कॅमेऱ्यातून निघत नसे.

याचा खरा ताप झाला गोविंदाला. गोविंदा त्यांच्या घरामागे राहणारा. अठ्ठ्याण्णव सालच्या वैशाखात त्याचं लग्न झालं आणि लग्नाचे एकतीस फोटो लटारूभाऊंनी काढले. पाच उरले. गोविंदा आखाडात विचारायला आला, तर "पाच बाकी हायेत." पोळ्याला आला, तर "चार बाकी हायेत." दिवाळीत गोविंदानं शेवटी आपल्या तिन्ही म्हशी आणून अंगणात उभ्या केल्या आणि म्हणाला, "भाऊ, घ्या. काढा यायचे फोटो अन् मोकळे व्हा एकदाचे."

"म्हशीवर उजेड बसत नाई," लटारूभाऊ शांतपणे म्हणाले.

फोटो आले तेव्हा गोविंदाची पोरगी रिंकू दोन महिन्यांची होती. आईच्या मांडीवर पडून आईबापाचं लग्न बघणारी मुलचेऱ्यातली ती पहिलीच.

बरं, इतकी वाट पाहून हातात काय यायचं? लटारूभाऊंची फोटो काढायची शिस्त कडक होती. हात सरळ, मान ताठ, नजर भिंगात, श्वास धरलेला. आणि दात दिसता कामा नयेत. "फोटो मनजे खेळ नोहे," ते दरडावत. मग ते एक डोळा मिटून इतका वेळ नेम धरत, की समोरच्याचा चेहरा आधी ताठर, मग चिंताक्रांत आणि शेवटी अपराधी होऊन जाई. पंचक्रोशीतल्या घराघरांत भिंतीवर टांगलेली माणसं अशी दिसत, जणू ठाण्यात बोलावून रांगेत उभी केलीत. जनावरांचे फोटो मात्र देखणे येत. बैलाला श्वास धर म्हणून सांगता येत नाही, एवढंच त्याचं कारण.

रंभाबाई एकदा म्हणाल्याही होत्या, "तुमच्या फोटोत बैलच तेवढे जिवंत दिसते."

लटारूभाऊंनी ती बैलांची तारीफ समजली.

दोन हजार पाच सालच्या दिवाळीत पुनम आणि जावई अजय चंद्रपूरहून आले. फराळ झाल्यावर अजयनं पिशवीतून एक चंदेरी वस्तू काढून सासऱ्यांपुढे ठेवली. अंगाच्या साबणाएवढी.

"बाबा, तुमच्यासाठी. डिजिटल कॅमेरा."

लटारूभाऊंनी तो तळहातावर घेऊन वजन पाहिलं. वजन नव्हतंच. त्यांचं मत तिथंच निम्मं ठरलं.

"रोल कुठी टाकाचा जवाईबापू?"

"रोल नसते यात."

"मंग फोटो कुठी राह्यते?"

अजयनं एक झाकण सरकवून नखाएवढं कार्ड बाहेर काढलं. "याच्यात. दोनेकशे मावतात. नाही आवडला तर पुसायचा अन् त्याच जागी दुसरा काढायचा."

"पुसाचा?" लटारूभाऊंनी पत्नीकडे असं पाहिलं, जणू जावयानं काही भलतंच बोलून टाकलं. "फोटो काय पाटीवरचा पाढा हाय? अन् दोनशे? दोनशे फोटो काढाले भेटले तर मानूस इचार कायले करन?"

मग त्यांनी आपलं म्हणणं सविस्तर मांडलं. पोरांना कॅलक्युलेटर मिळाला आणि पाढे गेले. टीव्हीला रिमोट आला आणि घरातला माणूस खाटेवरून उठेना. आता या यंत्रात फोटो दाबल्याबरोबर दिसणार, म्हणजे वाट पाहणंही गेलं. ज्या फोटोची वाट पाहावी लागत नाही त्याची किंमत ती काय? अजय मान हलवत ऐकत राहिला. जावई शहाणा होता. पुनम आईकडे पाहून हसली.

भाऊबीज झाल्यावर दोघं परत गेली. लटारूभाऊंनी चंदेरी कॅमेरा देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवून दिला आणि विसरून गेले. म्हणजे विसरले असं ते म्हणत. येताजाता नजर जायचीच.

सोळा-सतरा दिवसांनी एका रविवारी रंभाबाई बाजारात गेल्या होत्या. घरात कुणी नाही हे पाहून लटारूभाऊंनी कॅमेरा खाली काढला. नुसतं बघायला काय हरकत आहे, असं स्वतःलाच सांगत त्यांनी अजयनं दाखवलेलं बटण दाबलं. मागचा इवलासा पडदा उजळला आणि त्यावर एक कोंबडी आली.

कोंबडी त्यांच्याच घरची होती. वैरणीच्या ढिगावर उभी, एक पाय पोटाशी घेतलेला, मान वळवून बघणारी. लटारूभाऊंनी पुढचं बटण दाबलं. गोविंदाची रिंकू, आता सहा-सात वर्षांची, तोंडभर सीताफळ खाताना. पुढं दवाखान्याच्या दारात जवळच्या बंगाली वस्तीतल्या एका म्हाताऱ्याची कालवड आणि तिच्या पायाला पट्टी बांधणारे स्वतः लटारूभाऊ. हा कधी काढला? त्यांच्या कपाळाला आठी होती, पट्टीचं टोक दातांत होतं आणि ती कालवड त्यांच्या मानेला हुंगत होती. आपण काम करताना असे दिसतो हे त्यांना पन्नास वर्षांत ठाऊक नव्हतं.

कॅमेऱ्यात फोटो निघाले चौसष्ट. घरात माणसं दोनच. म्हणजे काढणारं कोण, हे सांगायला पंचांग नको होतं.

लटारूभाऊ खाटेवर बसले. ज्या बाईला आपण वीस वर्षं "तुले नाई जमाचं, ठेव" म्हणत आलो, तिनं कुणाला न विचारता चौसष्ट फोटो काढले होते. काही हललेले होते, दोनतीन नुसतेच बोटाचे होते, पण बाकीचे... बाकीच्यांबद्दल त्यांनी मनातही फार बोलायचं टाळलं. "उजेड बरा होता," एवढंच ते भिंतीला म्हणाले.

सत्तावन्नाव्या फोटोत ठमाबाई होत्या. ठमाबाई म्हणजे शेजारची म्हातारी, सारी हयात तलावात जाळं टाकण्यात आणि मासोळ्या विकण्यात गेलेली. फोटोत त्या उंबऱ्यावर बसून मासोळ्या साफ करत होत्या आणि कशाला तरी इतक्या हसत होत्या, की उरलेले चारही दात उन्हात चमकत होते. या फोटोची कथा लटारूभाऊंना नंतर कळली. रंभाबाईंनी तो पडद्यावर दाखवला, तेव्हा ठमाबाईंनी कॅमेरा डोळ्यांशी धरला आणि म्हणाल्या, "बाई, ही तं मीच आहो!" याआधी त्यांचा एकच फोटो होता, निराधार योजनेच्या पगारासाठी लटारूभाऊंनी काढलेला. "म्या मेल्यावर पोरं तोच मुर्दाड फोटो भितीवर लावतीन अन् हार घालतीन," त्या म्हणाल्या. "मले हा मोठा करून दे. जाऊन राह्यली तं हासत जाईन."

आणि एकसष्टावा फोटो पाहून लटारूभाऊ ताडकन उठले. दुपारच्या झोपेतले ते स्वतः. मान मागे पडलेली, तोंड सताड उघडं, बनियन पोटावर सरकलेलं आणि खालच्या ओठावर एक माशी, अगदी निवांत.

हा फोटो पुनमनं पाहिला तर? जावयानं पाहिला तर? यंत्रात पुसायची सोय आहे, हे त्यांना या क्षणी आठवलं आणि त्या सोयीबद्दलचं त्यांचं मत एकदम बदललं. कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं बटण सापडलं. वाचायचा चष्मा दवाखान्यात राहिला होता. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं, त्यांनी दाबलं. यंत्रानं पुन्हा काहीतरी विचारलं. किती विचारते, म्हणत त्यांनी पुन्हा दाबलं. पडदा जरा वेळ काळा झाला आणि मग त्यावर दोनच शब्द उरले. ते डोळ्यांजवळ नेऊन, लांब नेऊन, अक्षर अक्षर लावून त्यांनी वाचले. नो पिक्चर्स.

कोंबडी गेली, रिंकू गेली, कालवड गेली, ठमाबाई गेल्या. रशियन कॅमेऱ्यानं वीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. या यंत्रानं मात्र दोनदा विचारलं होतं, हेही खरंच होतं, आणि तेच जास्त लागत होतं.

रंभाबाई बाजारातून आल्या, पिशवी ठेवली, पाणी प्यायल्या. लटारूभाऊ तिथंच बसलेले.

"काय झालं? तोंड काऊन असं उतरलं?"

"ते... फोटो पाह्यले म्या तुहे."

रंभाबाईंचा हात माठावर थांबला. "मंग?"

"पुसल्या गेले."

"कोनता?"

"सारेच."

"चौसष्टही?"

"चौसष्टही," लटारूभाऊ म्हणाले. मग घाईनं, "म्या एकच पुसाले गेलो होतो, मले काय माईत तो डबा साराच कचरा..."

"कचरा?"

शब्द चुकला होता. रंभाबाईंनी पिशवीतली वांगी सुपात ओतली आणि त्या दिवशी पुढं एक अक्षर बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणात आपली बाजू मांडता येते. जेवताना लटारूभाऊंनी भाजीची दोनदा तारीफ केली, तर त्यांच्या ताटात तिसऱ्यांदा भाजी पडली, एवढंच.

सकाळी चहाचा कप समोर ठेवून त्या म्हणाल्या, "बाकीचे गेले तं गेले. ठमाबाई मोठ्या फोटोची वाट पाहून राह्यली, तिले तुमी सांगा. मी नाई सांगाची."

"सांगू ना. त्यात काय."

पण ठमाबाईंच्या अंगणात पाय ठेवला आणि लटारूभाऊंची हिंमत जाळ्यातल्या मासोळीसारखी निसटली. हातात चंदेरी कॅमेरा, मागे दोन पावलांवर रंभाबाई. त्यांनी घसा साफ केला. "ठमाबाई, तो तुमचा फोटो हाय ना, त्यात उजेड जरासा कमी पडला. मनलं दुसरा काढू. झकास."

ठमाबाई खूश. आत जाऊन त्यांनी पोलक्यावर नवं हिरवं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"हात सरळ," लटारूभाऊ म्हणाले. सवय जाते कुठे! "मान वर. श्वास धरा. दात झाका."

खटका वाजला. "दाखव," म्हणत ठमाबाई पुढे आल्या. वीस वर्षांत कुणी लटारूभाऊंना असं लगोलग 'दाखव' म्हटलं नव्हतं. फोटो यायचा तो दहा महिन्यांनी, आणि तोवर नाराज व्हायचं लोक विसरलेले असत. ठमाबाईंनी पडद्यात डोकावलं.

"ही कोन? माही सासू दिसून राह्यली. पूस."

दुसरा काढला. "जुलाब लागल्यावानी दिसते. पूस."

तिसरा, चौथा, पाचवा. सहाव्यात ठमाबाई घाबरलेल्या होत्या, सातव्यात चिडलेल्या. आठव्याला त्यांनी श्वास इतका धरला की खोकल्याची उबळ आली. लटारूभाऊंच्या कपाळावर घाम आला. समोरचा माणूस असा का दिसतो, याचं उत्तर दरवेळी त्या इवल्या पडद्यावर ताबडतोब हजर होत होतं, आणि ते उत्तर ठमाबाईंबद्दल नव्हतं. ठमाबाई दर फोटोनंतर त्यांच्याकडे पाहून पुन्हा सैल होत, माणसासारख्या होत. ते कॅमेरा डोळ्यापुढे धरत, की चेहरा पुन्हा लाकूड. अकरा फोटो झाले.

"राहू दे भाऊ," ठमाबाई दमून उंबऱ्यावर बसल्या. "उजेड कमी तं कमी. रंभानं काढला तोच दाखव मले. तोच मोठा कर."

लटारूभाऊंनी मागे पाहिलं. रंभाबाई आंब्याच्या झाडाकडे बघत होत्या.

"तो नाई आता," ते म्हणाले.

"नाई मनजे?"

"म्या पुसला. चुकीनं. तुमचा नाई पुसाचा होता, माहा पुसाचा होता."

"तुहा काऊन?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. "झोपेतला होता. हिनं काढला. तोंड असं..." सांगून समजेना, म्हणून त्यांना दाखवणं भाग पडलं. दाखवायला दोन्ही हात मोकळे हवे होते. त्यांनी न बघताच कॅमेरा मागे धरला आणि तो रंभाबाईंनी घेतला. मग लटारूभाऊ ठमाबाईंच्या ओसरीच्या खांबाला टेकून बसले, मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि एक बोट खालच्या ओठावर ठेवून म्हणाले, "अन् इथी, माशी."

ठमाबाई आधी नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले. "मनजे, स्वताच्या तोंडावरची माशी हाकलाले गेला," त्यांना बोलता येईना, "अन् साऱ्या गावाले पुसून आला!"

त्या हसल्या. पदर तोंडाशी नेला, तो हातातून सुटला. चार दात, डोळ्यांतून पाणी, तेल लावलेले केस कपाळावर आलेले. खटका वाजला. आणखी एकदा वाजला. लटारूभाऊंना वाटलं, ओरडून सांगावं, हात स्थिर ठेव, उजेड डाव्या बाजूनं घे. पण त्यांचं तोंड अजून माशीच्या फोटोपुरतं उघडं होतं. त्यांनी ते मिटलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच ते कॅमेऱ्याच्या या बाजूला बसून फोटो निघताना बघत होते. रंभाबाई डोळा मिटत नव्हत्या, नेम धरत नव्हत्या. कॅमेरा छातीशी धरून ठमाबाईंबरोबर स्वतःही हसत होत्या.

कालपासूनचा त्यांचा अबोला त्या हसण्यात कुठं वाहून गेला, हे दोघांनाही कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याच्या कामानं अहेरीला जायचं होतं, तेव्हा लटारूभाऊ कार्ड खिशात घालून सूरजच्या स्टुडिओत गेले. त्यांचे रोल इतकी वर्षं याच स्टुडिओतून चंद्रपूरला धुवायला जात. आधी सूरजचा बाप पाठवायचा, आता सूरज. फोटो आले की लटारूभाऊ नेमानं म्हणत, "रोल बराबर धुतला नाई तुमी." बापलेक दोघांनीही ते आजवर मुकाट ऐकून घेतलं होतं.

सूरजनं कार्ड संगणकाला लावलं. पडद्यावर ठमाबाई आल्या, हातभर मोठ्या. सूरज खुर्चीत मागे टेकला, पुन्हा पुढे झाला. मग त्यानं चहावाल्याला दोन चहा सांगितले.

"काका, काय फोटो हाय! इतक्या वर्षांनी हात बसला तुमचा."

लटारूभाऊंनी चहा घेतला. गरम होता, तरी अर्धा एका दमात प्यायले. बाहेर एसटी उभी होती, मुलचेरा इथून तासाभराच्या वाटेवर आणि सूरज तिकडं कधी येत नाही. काही न बोलता नुसतं हसलं असतं तरी चाललं असतं. हसायला त्यांनी तोंडही उघडलं.

"हात माहा नोहे," ते म्हणाले. "घरच्या मंडळीचा हाय."

"काकूचा?"

"मोठा करून फ्रेम लाव. अन् पाकिटावर नाव टाकशीन ना, तं रंभाबाई बोरकुटे टाक." थोडं थांबून त्यांनी जोडलं, "रोल बराबर धुतला बरं का."

"काका, यात रोल नसते."

"माईत हाय मले. डिजिटल हाय."

फ्रेम आली तशी ठमाबाईंनी स्वतःच्या हातानं खिळा ठोकून ती दर्शनी भिंतीवर लावली. जिवंत माणसाचा फोटो असा लावू नये, अपशकुन असतो, असं दोघीतिघी सांगून गेल्या. "मेल्यावर मले दिसन काय?" म्हणून ठमाबाईंनी त्यांना वाटेला लावलं. मग फोटो बघायला लोक येऊ लागले आणि बघून झालं की थेट बोरकुट्यांच्या अंगणात. गोविंदा बायकोला आणि रिंकूला घेऊन आला. लटारूभाऊंनी सवयीनं पुढं होऊन विचारलं, "बोल, कवा काढू?"

गोविंदा जरा चाचरला. "भाऊ, काकू हाय का घरी?"

रंभाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. रिंकूची आई लाजत पेरूखाली उभी राहिली, रिंकू बापाच्या पायाला लोंबकळायला लागली. लटारूभाऊंना राहवेना. ते रंभाबाईंच्या खांद्याशी जाऊन उभे राहिले, वाकून पडद्यात डोकावू लागले, उजेड, कोन, अंतर असं काहीबाही पुटपुटू लागले.

"आयकलं का," रंभाबाई मान न वळवता म्हणाल्या, "जरासे बाजूले व्हा. पोरीच्या तोंडावर सावली पडून राह्यली तुमची."

लटारूभाऊ बाजूला झाले. आणि बाजूला होऊन एवढ्यावर थांबले नाहीत. तारेवर वाळत घातलेलं पांढरं धोतर ओढून, दोन्ही हातांनी पसरून त्यांनी ते असं तिरपं धरलं, की सावलीतल्या रिंकूच्या गालावर उन्हाचा उजेड परतून आला.

"हां," रंभाबाई म्हणाल्या, "आता तसेच उभे राहा. हलू नका."